बूच राहिलं

आमच्या शहरापासून समुद्र म्हणजे गाडीने अख्ख्या दिवसाची वाट, आणि तरी आमच्या दारात होडी उभी असते. कॉलनीत कुणी नवीन आलं की पहिला प्रश्न तोच. पत्ता सांगणारेही सांगतात, होडीवाल्या घरावरून पुढे जा आणि डावीकडे वळा. मी इतकी वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतेय, अर्ध्या शहराला क्लच सोडायला मी शिकवलं, आणि माझ्या घराला नाव मिळालं ते होडीचं. राग माझ्या नाकावरच असतो, हे आधीच सांगून टाकते. शिकायला येणारे पाठीमागे मला ‘हॉर्न’ म्हणतात. म्हणू देत.

होडी माझ्या सासऱ्यांची. सासूबाई गेल्यावर ते किनाऱ्यावरच्या घरात एकटे राहायला लागले, तेव्हा नवऱ्याने आणि मी त्यांना इकडे आणायचं ठरवलं. बाबा म्हणाले, येतो, पण होडी येईल. त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली लाकडी होडी, चार माणसं बसतील एवढी. आता दारात होडी म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मी म्हटलं, आणा की, पार्किंगमध्ये जागा आहे. जीभ सैल सोडली की असं होतं.

निघायच्या दिवशी त्यांचे जुने सोबती धक्क्यावर जमले होते. त्यांच्यातला एक जाडा गडी होता, त्याला सगळे जाड्याच म्हणत. तो म्हणाला, “नाखवा, होडी समुद्रापासून लांब गेली की तिचं सरपण होतं. पोराच्या घरी चूल तरी पेटते का बघ, नाहीतर तेवढ्यापुरतीही कामाची नाही.” सगळे हसले. बाबांना तिथे सगळे नाखवाच म्हणायचे, म्हणजे होडीचा मालक, होडी हाकणारा. स्वतःची एवढीशी वल्ह्यांची होडी, पण तो मान त्यांना होता. बाबा शांतपणे म्हणाले, “पुढच्या वर्षी हिला घेऊन येतो. इथेच पाण्यात घालतो. आत थेंब आला तर मला नाखवा म्हणू नका.”

त्या वाक्यासाठी तो माणूस वर्षभर जगला. खोटं नाही सांगत. सकाळी उठला की आधी होडी, मग चहा.

आणि काय करायचे, तर होडीला पाणी पाजायचे. आतल्या बाजूने फळ्यांवर गोणपाटं अंथरलेली असायची, त्यावर तांब्यातांब्याने पाणी. लाकूड कोरडं पडलं की आकसतं, फळ्यांचे सांधे तोंड उघडतात, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. समुद्रात ती आपली आपण पिते, इथे आपण पाजायची. मी मान डोलावली. कळलं होतं मला. न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

पण आमच्या कॉलनीत पाणी टँकरने येतं. टँकर आला की बायका कळशा, बादल्या, डबे, जे हाताला लागेल ते घेऊन पळतात. अशात एक म्हातारा रोज सकाळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होडीत पाणी ओततो. सेक्रेटरीची बायको एकदा गेटवर मला म्हणाली, “आमच्या टाक्या कोरड्या, आणि तुमच्या होडीला रोज अंघोळ. नशीब लागतं.” गोड बोलून. मी कुणाचं ऐकून घेणारी नाही. खरं उत्तर होतं माझ्याकडे. बाबा अर्ध्या बादलीत अंघोळ करायचे आणि उरलेली अर्धी होडीला घालायचे, आमच्या घरातून एक तांब्याही जास्त जात नव्हता. हे मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, “काय करणार, म्हातारपण.” आणि डोक्याशी बोट नेऊन जरासं फिरवलं. ती हसली, मीही हसले.

स्कूलमध्ये तेच. गाडीत बसल्या बसल्या एकेक जण विचारायचा, “मॅडम, होडीचंही लायसन्स काढून देता का?” मी म्हणायचे, आधी गिअर टाक नीट. पण कान तापायचे.

मग उन्हाळ्याच्या तोंडावर बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. दोन्ही डोळ्यांचं, एकानंतर एक. माझी नणंद मोठ्या हॉस्पिटलजवळ राहते, म्हणून ते तिच्याकडे गेले, चांगले उन्हाळा संपेपर्यंत. जाताना पायरीवर बसून चपला घालत मला म्हणाले, “सूनबाई, गोणपाटं ओली राहू देत. बाकी काही नको.”

“हो बाबा. काळजीच करू नका.”

पहिले काही दिवस घातलं मी पाणी. अंधारात उठून, कुणी बघायच्या आत, चोरासारखं. मग गोणपाटांना वास यायला लागला. मग डास. मग सेक्रेटरीच्या बायकोने विचारलं, “आता तुम्हीपण का?” बास. त्या दिवशी मी गोणपाटं काढून फेकून दिली, होडीवर चांगली जाड ताडपत्री टाकली, दोऱ्या आवळल्या आणि हात झटकले. माणसांची जागा दिसायला लागली.

बाबा रोज फोन करायचे. डोळ्यांवर पट्टी बांधलेली असतानासुद्धा नणंदेला नंबर लावायला सांगायचे. “प्यायली का?” एवढंच विचारायचे.

“प्यायली, बाबा.”

“बरं.” आणि ठेवून द्यायचे.

नवरा कारखान्याच्या नोकरीपायी दुसऱ्या गावी असतो, सुट्टीला येतो. त्याने विचारलंही नाही आणि मी सांगितलंही नाही. असं करत करत सगळा उन्हाळा गेला. बाबा परत यायच्या आधी मी ताडपत्री उचलली. होडीच्या पोटातून जमीन दिसत होती. फळी न् फळी सुटी दिसत होती, मधल्या फटींतून ऊन सरळ खाली फरशीवर पडलं होतं, रेघारेघांनी.

तेव्हा तरी फोन उचलून सांगायचं. पण नाही. मी हुशार ना. स्कूलच्या गाड्या रोज कुठे ना कुठे ठोकल्या जातात, आणि डेंटिंगवाला त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, रंग मारून देतो की नवी कुठली नि जुनी कुठली ओळखू येत नाही. त्यालाच बोलावलं. तो होडीकडे बघत म्हणाला, “बाई, मी गाड्या करतो. हिचं मला काही माहीत नाही.” मी म्हटलं, तू भर. त्याने सगळ्या फटींत गच्च लांबी भरली, दगडासारखी वाळवली, घासली, आणि वर निळा रंग मारला. चकाचक. कॉलनीतले लोक थांबून बघायला लागले. सेक्रेटरीच्या बायकोने फोटो काढला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी पदरचे पैसे घालून करून घेतलं.

बाबा आले ते नवे डोळे घेऊन. रिक्षातून उतरले आणि थेट होडीपाशी. हात फिरवला. पुढून मागे, सावकाश.

“रंग दिलास?”

“तुम्हाला आवडेल म्हणून.”

“छान दिलाय.” मग आत वाकून बघितलं. “गोणपाटं?”

“धुवायला टाकलीत.” कशी तोंडातून गेली ही थाप, देव जाणे.

त्यांनी बोटाच्या पेराने एका फळीवर टकटक केलं आणि कान दिला. पुन्हा केलं. मग ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, “तू रोज पाजलीस ना. मग झालं.” आणि आत चहा प्यायला गेले.

त्यांना काही कळलं नव्हतं असं नाही. आवाज वेगळा आला होता, त्यांच्या भुवईवरून मला दिसलं. पण एका बाजूला लाकडाचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला माझा शब्द, तर त्यांनी माझा शब्द धरला. त्या क्षणी मला चपलेने मारलं असतं तरी कमी वाटलं असतं.

सांगायचं ठरवलं मी. चहा देताना सांगू म्हटलं, मग जेवताना, मग नवरा आल्यावर. पण बाबांनी तोवर धक्क्यावर फोन करून टाकला होता, येतोय म्हणून. त्यांचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. आणि माझ्यातला एक कोपरा म्हणत होता, कदाचित टिकेलही. लांबी चांगली कडक आहे. गाड्या पावसात भिजतात, त्यांना काय होतं?

ट्रेलर जोडून निघालो. गाडी अर्थातच मी चालवत होते. ट्रेलरसकट रिव्हर्स घेणं नवऱ्याला सात जन्मांत जमायचं नाही. वाटेत एका पंपावर थांबलो, तेव्हा पट्टे तपासायला म्हणून मी मागे गेले. निळ्या रंगात, फळीच्या सांध्यावर, केसाएवढी चीर पडली होती. पुढे अजून एक. रस्त्याने लाकूड हललं होतं आणि लांबी हलली नव्हती. मी त्या चिरेवरून अंगठा फिरवला, पुसल्याने जाणार असल्यासारखा. बाबा खिडकीतून विचारत होते, “सगळं ठीक ना?” मी म्हटलं, ठीक आहे.

दुपारी धक्क्यावर पोचलो. जाड्या बाकावर बसलेला, बाकीचे चार-पाच जण त्याच्याभोवती. होडी बघून तो उठून उभा राहिला. “अरे, ही तर नवरी दिसतेय.” बाबांची पाठ ताठ झाली. सोबत्यांकडे वळून म्हणाले, “ही सगळी सूनबाईची मेहनत. उन्हाळाभर मी नव्हतो. रोज पाणी पाजलं पोरीने.” मग ते सगळे आणि नवरा उतारावर जागा करायला खाली गेले, तेव्हा बाबांनी खिशातून बूच काढलं.

होडीच्या बुडाला, मागच्या अंगाला, एक भोक असतं. जमिनीवर असताना ते उघडं ठेवायचं, साचलेलं पाणी निघून जावं म्हणून, आणि पाण्यात घालण्याआधी बूच लावायचं. ते बूच बाबांनी माझ्या हातात ठेवलं. “तू सांभाळलीस, तूच लाव.”

मी आत वाकून ते बसवलं. तळव्याने ठोकलं, फिरवून बघितलं, पुन्हा ठोकलं. बाबा बघत होते. इतकं घट्ट मी आयुष्यात काही बसवलं नसेल. निदान एवढं तरी नीट व्हावं, असं झालं होतं मला.

मग एका दमात रिव्हर्स घेतला, उतारावरून सरळ रेषेत, ट्रेलरची चाकं पाण्यात बुडेपर्यंत. म्हातारे टाळ्या वाजवायला लागले. होडी उचलली गेली, तरंगली, बाबा आत चढले आणि वल्ही हातात घेतली. चार-पाच हात मारले असतील. मी काठावर उभी होते.

ते थांबले. खाली बघितलं. पायाखालची फळी उचलून आत बघितलं, डाव्या बाजूला, मग उजव्या बाजूला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

ती नजर रागाची असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त हिशेब लागल्याची होती. फोन, गोणपाटं, रंग, टकटक, सगळं एका जागी बसल्याची.

मग बाबा होडीच्या मागच्या टोकाशी सरकले, खाली वाकले आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. जोर लावताना खांदा हलला. बराच वेळ लागला त्यांना, कारण मी ठोकून बसवलं होतं. मग त्यांनी मूठ खिशात घातली आणि उभं राहून काठाकडे ओरडले, “अरे, बूच राहिलं रे.”

धक्क्यावर जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. बूच विसरणं म्हणजे तिथे सगळ्यात मोठी फजिती. दारू प्यालेला पोरगा विसरतो, शहरातून आलेला हौशी विसरतो, नाखवा विसरत नाही. होडी भरत गेली. बाबा कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि दोरी धरून तिला ओढत काठाला आले. जाड्याने मांडीवर हात मारत विचारलं, “आणि बूच कुठाय?” बाबांनी खिसा चाचपून दाखवलं. “काखेत कळसा नि गावाला वळसा,” जाड्या म्हणाला. बाबा हसले. सगळ्यांबरोबर, सगळ्यांएवढं.

नवरा मात्र हसला नाही. भर लोकांत बापावर खेकसला, “एवढ्या लांबून आलो आपण, बाबा. लहान मूलसुद्धा विसरत नाही. तुम्हाला आता एकट्याला काही करू द्यायची सोय राहिली नाही.” बाबांनी मान खाली घातली. आणि मी, जिचा आवाज चौकाच्या पलीकडे जातो, जिला हॉर्न म्हणतात, ती मी तिथे उभी होते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

होडी ट्रेलरवर चढवली तेव्हा भोकातून पाणी येत होतं, आणि सगळ्या सांध्यांतूनही. जाड्या वाकून बघायला आला. बाबा त्याच्या आणि होडीच्या मधे उभे राहिले. “सूनबाई, ताडपत्री टाक. वर घे लवकर, लोकांच्या गाड्या अडल्यात.” मी टाकली.

परतताना नवरा मागच्या सीटवर झोपला. बाबा ओल्या कपड्यांनी माझ्या शेजारी. त्यांनी खिशातून बूच काढून काचेखाली ठेवलं, आणि वळण आलं की ते इकडून तिकडे घरंगळायचं.

“बाबा,” मी म्हटलं.

“पुढे बघ. ब्रेक लांबून दाब, मागे ओझं आहे.”

बऱ्याच वेळाने, मी काही विचारलेलं नसताना, ते म्हणाले, “नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं गं. मी हिला लेकीकडे नेली असती.” एवढंच. आवाज चढवला नाही. मग डोळे मिटून घेतले, ते नवे डोळे.

मला सगळं कळलं होतं. होडी वाळली म्हटलं असतं तर धक्क्यावर विचारलं गेलं असतं, घरात कोण होतं? सून होती. तिचं कौतुक तर त्यांनी आत्ताच सगळ्यांसमोर केलेलं. म्हणून त्यांनी ती गोष्ट स्वतःच्या म्हातारपणावर घेतली. त्याच म्हातारपणावर, ज्याच्यासाठी मी गेटवर डोक्याशी बोट फिरवलं होतं.

घरी आल्यापासून मी स्क्रूड्रायव्हरने लांबी उकरतेय. दिवसाढवळ्या, दारात बसून. भरायला दोन दिवस पुरले होते, काढायला किती लागतील कोण जाणे. गोणपाटं नवी आणली. मी आता अर्ध्या बादलीत अंघोळ करते. सेक्रेटरीची बायको येऊन उभी राहते, मी वर बघत नाही. बाबा पायरीवर बसून कधीतरी सांगतात, “कडेकडेने घाल. एकदम ओतू नको.” वाचेल का होडी, हे मी विचारलेलं नाही.

धक्क्यावरून फोन येतो. आधी क्वचित यायचा, आता सारखा येतो, कारण आता चेष्टेला विषय आहे. नाखवा कुणी म्हणत नाही. परवा बाबा अंघोळीला गेले होते, म्हणून मी उचलला. जाड्या होता.

“बूच आहे का घरात?”

पहिल्यांदा मला वाटलं, खरंच बूच विचारतोय. मग कळलं, तो बाबांनाच म्हणतोय. मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“काका,” मी म्हटलं, “त्या दिवशी बूच लावलेलं होतं. मीच लावलं होतं. होडी वाळली होती, उन्हाळाभर मी पाणी घातलंच नाही. बाबांशी खोटं बोलले मी. फटीत लांबी भरली आणि वरून रंग मारला. त्यांनी मला वाचवायला बूच काढलं, मी बघितलंय. त्यांना तसं म्हणू नका.”

एका श्वासात सांगितलं सगळं. पलीकडून जाड्याचा आवाज आला, एकदम मऊ, मायेचा.

“पोरी, तुझ्यासारखी सून सगळ्यांना मिळो. म्हाताऱ्याची चूक स्वतःवर घेतेस. आजकाल कोण करतं एवढं?”

“काका, नाही हो, खरंच—”

तेवढ्यात बाबा ओल्या केसांनी बाहेर आले. त्यांनी ऐकलं होतं. माझ्या हातातून फोन हळूच काढून घेतला आणि कानाला लावला.

“हां, बोल,” बाबा म्हणाले. “बूचच बोलतोय.”

बाबांनी मोरीच्या दाराशी राखून ठेवलेली अर्धी बादली मी उचलली, बाहेर आले आणि होडीला कडेकडेने पाणी घालायला लागले.